ड्युटी, डॉलर आणि गिरगावातली मजुरी

२०२५ मध्ये एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून जे काही उपद्व्याप केले ते लिहून ठेवतोय, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की अमेरिकेत एवढ्याला मिळते, मग मुंबईत एवढी महाग का, दुकानदार लुटतात का. मीपण आधी तेच म्हणायचो. आता तसं म्हणत नाही, पण ड्युटीला शिव्या घालणंही जरा कमी केलंय, ते का हे पुढे येईलच.

आमचा नोकरीवाल्यांचा एक छोटा ग्रुप आहे, गणपतीत आणि कोजागिरीला सोसायट्यांमधून जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचे कार्यक्रम करतो, बिदागी म्हणजे नारळ, शाल आणि टेम्पोचं भाडं. माझ्याकडे कॉलेजपासूनची कलकत्त्याची अकूस्टिक होती, जिची ॲक्शन, म्हणजे तारांची लाकडापासूनची उंची, एवढी की एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात टायपिंग नको वाटायचं. मनात होती फेंडर या अमेरिकन कंपनीची, पण मेक्सिकोत बनणारी प्लेअर टू स्ट्रॅट. २०२४ ला आली तेव्हा अमेरिकेत ७९९.९९ डॉलर. इथे दुकानात विचारलं तर नव्वद हजाराच्या पुढे. डॉलरच्या तेव्हाच्या ८६ च्या भावाने गुणलं की ६८,८०० होतात, म्हणजे वरचे वीस-पंचवीस हजार कोणाच्या खिशात जातात हा प्रश्न पडणारच ना.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात, जन्मभर न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचं काम केलेले. त्यांना विचारलं तर ते खुशच झाले, रिटायर माणसाला एवढं काम पुरतं. वहीत लिहून दाखवलं त्यांनी. कस्टम्सच्या दरपत्रकात गिटार चॅप्टर ९२ मध्ये येते, अकूस्टिक ९२०२, इलेक्ट्रिक ९२०७. बेसिक ड्युटी १० टक्के. त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे मूळ किमतीवर १ टक्का. आता झाले १११. आणि त्या १११ वर १८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), म्हणजे १९.९८. शंभराचा माल बंदरातून बाहेर पडताना १३०.९८ चा होतो. "आणि हे शंभर म्हणजे नुसती गिटारची किंमत समजू नकोस हां," काका म्हणाले, "आपल्याकडे सीआयएफवर ड्युटी लागते, म्हणजे माल अधिक विमा अधिक जहाजाचं भाडं, सगळ्यावर." अमेरिकेत उलट आहे म्हणे, तिथे कस्टम्सची किंमत धरताना आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा वगळतात. आपण भाड्यावरही ड्युटी भरतो. मला हे माहीतच नव्हतं.

दुकानदाराला तो आयजीएसटी पुढे क्रेडिट मिळतो, पण शेवटी आपल्या बिलात १८ टक्के येतातच, आणि त्यात त्याचं गोडाऊन, ईएमआयवर अडकलेला पैसा, पावसाळ्यात एसी चालू ठेवायचा खर्च, डीलरचं मार्जिन. हे सगळं जोडत गेलो तर नव्वद हजार काही लूट वाटेना. वाटेना म्हणजे, खिशाला वाटतच होती, पण हिशोबाला वाटेना.

मग दुसरा मार्ग, कुरिअरने मागवायची. तिथे एक वेगळीच गंमत कळली. हवाई कुरिअरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात आणि जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. गिटारचं खोकं साधारण ११२ बाय ४६ बाय १८ धरलं तर साडेअठरा किलो येतात. गिटार साडेतीन किलोची, भाडं साडेअठरा किलोचं, म्हणजे आपण हवेचं भाडं भरतो आणि मग त्या भाड्यावर ड्युटी. वर काकांनी सांगितलं की स्वतःच्या वापरासाठी असं सुटं मागवलं तर ९८०४ हेडिंगखाली धरतात आणि तेव्हा तिथला रेट व्यापाऱ्याच्या ३१ टक्क्यांपेक्षा बराच चढा होता. तो मार्ग तिथेच सोडला.

तिसरा मार्ग आपला मध्यमवर्गीय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून. आतेभाऊ न्यू जर्सीला असतो, दर वर्षी नाही पण गणपतीला येणार होता. त्याला फोन केला, तो म्हणाला घेऊन येतो त्यात काय. पुन्हा काका, पुन्हा वही. तिथे दुकानात ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ८५३ डॉलर, आपले ७३,४०० च्या आसपास. २०१६ च्या बॅगेज रूल्सप्रमाणे तेव्हा ५०,०००पर्यंतचं सामान माफ होतं, वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी आणि तिच्यावर सरचार्ज धरून ३८.५. म्हणजे २३,४०० वर साधारण ९,०००. एकूण ८२,४००. आणि ही माफी फक्त गिटारला नाही, त्याच्या बॅगेतल्या सगळ्या नव्या वस्तूंना मिळून, आत्याचा मिक्सर, पोरांचे बूट सगळं त्यातच. बायको बरोबर असली तरी दोघांची माफी एकत्र करून एका वस्तूला वापरता येत नाही. केस बॅगेजच्या १५८ सेंटीमीटरच्या मापात बसत नाही म्हणून एअरलाइनचे जादा पैसे वेगळे. वॉरंटी तिथली. विमानाच्या पोटात हेडस्टॉक, म्हणजे गिटारचा शेंडा, मोडला तर रडायचं कोणाकडे. सगळं धरून चार-पाच हजार वाचत होते, त्यासाठी आतेभावाला कस्टम्सच्या 'डिक्लेअर करायला काही नाही'वाल्या ग्रीन चॅनलमधून घामाघूम चालत पाठवायचं का? "डिक्लेअर करणार नसशील तर मला विचारूच नकोस," काका म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा.

हे चालू असतानाच तिकडे ट्रम्पतात्यांचं टॅरिफचं, म्हणजे आयात मालावरच्या ड्युटीचं, सुरू झालं. २०२५ च्या ४ मार्चला मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के, मग तीनच दिवसांत त्यांच्या आपसातल्या करारात बसणाऱ्या मालाला सूट, मग २ एप्रिलला तो मोठा तक्ता, इंडोनेशिया ३२, व्हिएतनाम ४६, जपान २४, आपण २६. चीनचं तर एप्रिलमध्ये १४५ पर्यंत गेलं आणि मे महिन्यात ३० वर आलं. आतेभाऊ रोज मेसेज करायचा, आज घेऊ का, उद्या वाढेल. इंडोनेशियाचं तेव्हा १९ वर मिटलं, व्हिएतनामचं २० वर, आणि आपलं ऑगस्टच्या शेवटी ५० वर गेलं. ऑगस्टअखेर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफी पण काढली, आपल्या पोस्टानेसुद्धा तिकडची बरीचशी बुकिंग थांबवली, आत्याने पाठवलेल्या राख्यांचं पाकीट त्याच्या थोडं आधी निघालं म्हणून वाचलं.

तो सारखा म्हणायचा की आता बघ, टॅरिफमुळे सगळ्या गिटारी परत अमेरिकेत बनायला लागतील. मला हे पटत नव्हतं पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं, मग एका रविवारी बसून आकडे काढले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा मुद्दा हाच आहे.

गिटारमध्ये लाकूड असतं, तारा असतात, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) असतात, पण सगळ्यात जास्त असतं ते घासकाम. बॉडी आणि नेक (बोटं चालतात तो लांब दांडा) हल्ली कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन कापून देतं, तिथपर्यंत इंडोनेशियातलं सुराबाया काय नि कॅलिफोर्निया काय, मशीन सारखंच. नंतर मात्र माणूस लागतो. सँडिंग, रंग, पुन्हा सँडिंग, पॉलिश, फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बसवणं, फ्रेटची टोकं गोल करणं, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा पाडणं. समजा एका गिटारला असं आठ तासांचं हाताचं काम आहे, हा आकडा मी हिशोबापुरता धरलाय. कॅलिफोर्नियात २०२५ चं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर, आठ तासांचे १३२. फेंडरचा अमेरिकन कारखाना तिथेच, कोरोनाला (आजार नाही, गावाचं नाव). मेक्सिकोतला एन्सेनाडाला आहे, १९८७ पासून, तिथे सरहद्दीच्या पट्ट्यात त्या वर्षी किमान वेतन दिवसाला ४१९.८८ पेसो, म्हणजे एकवीस-बावीस डॉलर, पूर्ण दिवसाचे. आणि इंडोनेशियात सुराबायाला, जिथे कॉर्ट या कोरियन कंपनीच्या कारखान्यात पीआरएस या अमेरिकन कंपनीची एसई सीरीज बनते, तिथे त्या वर्षी महिन्याचं किमान वेतन ४९ लाख ६१ हजार रुपिया. घाबरू नका, ते तीनशे डॉलर होतात. तासाला पावणेदोन डॉलर, आठ तासांचे चौदा.

१३२, २२, १४. हे बघितलं आणि बाकी सगळं आपोआप सुटलं. समजा इंडोनेशियातून १५० डॉलरला गिटार निघाली, तिच्यावर तेव्हाचे १९ टक्के म्हणजे साडेअठ्ठावीस डॉलर. ३२ टक्के राहिलं असतं तरी ४८. मजुरीतलाच फरक ११८ चा आहे. म्हणजे टॅरिफ लावून गिटार महाग होईल, पण काम काही कॅलिफोर्नियात परत जाणार नाही, फार तर ज्या देशाला कमी टॅरिफ आहे तिकडे सरकेल. प्रत्यक्षात कामगारांना किमानपेक्षा जास्त मिळत असेल, कारखान्याचे इतर खर्च असतील, ते मान्य, पण फरक एवढा मोठा आहे की थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र तेच राहतं. अमेरिकेत हे टॅरिफ यायच्या आधीही अकूस्टिक गिटारवर ड्युटी होतीच, १०० डॉलरपर्यंतच्या गिटारला ४.५ टक्के आणि वरच्याला ८.७, तरी गिटारी बाहेरूनच येत होत्या.

आणि हे काम सरकत सरकतच इथवर आलंय. फेंडरनेच १९८२ ला जपानमध्ये सुरू केलं, तिथली मजुरी वाढली तशी स्वस्त गिटार कोरियात गेली, कोरियातली वाढली तशी इंडोनेशिया आणि चीनमध्ये. कॉर्टने २००७ ला कोरियातला कारखाना बंद केला तेव्हा काढलेले कामगार रस्त्यावर बसले ते २०१९ ला तडजोड होईपर्यंत. बारा वर्षं. आमच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. माझे आजोबा लोअर परळच्या गिरणीत होते, तिथे आता मॉल आहे आणि त्या मॉलमध्ये मी स्ट्रिंग घ्यायला जातो.

अजून एक गोष्ट, विषयाला थोडी सोडून. फ्रेटबोर्डला जे रोजवुड लागतं त्यातलं भरपूर आपल्या शिसवीचं, सह्याद्रीतसुद्धा उगवतं ते. ब्राझीलच्या रोजवुडची ओंडक्यांची निर्यात बंद झाल्यावर मार्टिन या अमेरिकन कंपनीने १९६९ पासून आपल्या डी-२८ या गिटारला भारतीय शिसव वापरायला घेतली, आजपर्यंत तीच. आपलं लाकूड बाहेर जातं, गिटार होऊन परत येतं आणि आपण त्याच्यावर ड्युटी भरतो. २ जानेवारी २०१७ ला साइटिसने (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) शिसवीची सगळी जातकुळी परवान्याखाली आणली तेव्हा मेक्सिकन फेंडरवर रोजवुड जाऊन पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड आलं होतं, २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट मिळाली, आणि प्लेअर टू मध्ये रोजवुड परत आलं. कागदाने लाकूड बदलतं, कागदानेच परत येतं.

तर एवढं सगळं कळल्यावर मी मेक्सिकनचा नाद सोडला. म्हटलं जर पैसा मुख्यतः हातांचाच असेल तर मी सुरुवातीचे हात स्वस्त घेतो आणि शेवटचे हात इथले लावतो. म्हणजे इंडोनेशियात बनलेली पस्तीस हजाराच्या आतली गिटार घ्यायची आणि मुंबईतल्या चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्यायचा. धोबीतलावला गेलो, मेट्रो सिनेमापासून काळबादेवीपर्यंतच्या दुकानांतून सगळ्या वाजवून बघितल्या, फुर्टाडोजमध्ये तर सेल्समनने शेवटी स्टूलच आणून दिलं बसायला. आवाज बघायला ॲम्पला लावण्याआधी नेकच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवायचा, टोकं टोचतात का बघायचं, पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एका डोळ्याने नेक सरळ आहे का बघायचं, मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटला एक एक सूर. हे करताना मागे लहान मुलाला घेऊन आलेले आईबाबा वैतागतात, वैतागू द्यावं. एक मिळाली. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, उगाच भांडणं लागतात. बाकी सगळं छान, वरच्या बाजूची टोकं जरा टोचत होती आणि तारा पावसाळ्यात चाळीत राहिल्यासारख्या काळवंडलेल्या. सेल्समनने बॅग आणि पट्टा फुकट दिला, किंमत मात्र कमी केली नाही.

कारागीर गिरगावात बसतात, जुन्या चाळीतल्या खोलीत, माळ्यावर व्हायोलिन आणि मेंडोलिनांचे सांगाडे. त्यांनी तारा काढल्या, फ्रेटबोर्डला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावला, आणि बारीक कानस घेऊन एकेक टोक गोल करायला बसले. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस टोकं. कानस तीनदा चालवायची, बोटाने बघायचं, पुन्हा एकदा. मध्येच थांबून खिडकीच्या उजेडात नेक तिरका धरायचा. मग नटच्या खाचा, मग नवीन तारा, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव वळसा, आणि वर ताकीद की आता लगेच अजून फिरवायचा नाही, लाकडाला रात्रभर बसू द्यायचं, मुंबईच्या हवेत नेक दर पावसाळ्यात थोडा हलतोच, तेव्हा परत या. दुसऱ्या दिवशी घेतली तेव्हा तीच गिटार ओळखू येईना. लोण्यासारखी चालत होती.

सगळ्याचे घेतले १,८०० रुपये.

मी म्हटलं दादा, एवढंच? तर म्हणाले, "फ्रेट वायर बाहेरची, ट्यूनर बाहेरचे, तारा बाहेरच्या, सगळं डॉलरमध्ये, त्याच्यावर पण ड्युटी. ते वाढलं की गिऱ्हाईक गपचूप देतं. मजुरी शंभर रुपयांनी वाढवली की विचारतात का वाढवली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी दोन हजार दिले, त्यांनी दोनशे परत केले.

मग तुम्ही इथे बनवत का नाही, असं विचारलंच मी. मजुरी तर आपल्याकडेही फार नाही, सुराबायाचे तीनशे डॉलर म्हणजे आपले पंचवीस-सव्वीस हजार, मुंबईत तेवढ्यात किती जण राबतात. त्यांचं म्हणणं, एकट्या माणसाने वर्षाला मोजक्या गिटारी बनवायच्या तर वाळवलेलं लाकूड साठवायला जागा लागते, गिरगावात एक चौरस फूट काय भावाने आहे ते बघ. आणि ट्यूनर, ब्रिज, पिकअप सगळं सुटं सुटं, किरकोळ भावात बाहेरून आणायचं. कारखाना हजारांनी घेतो, त्याला एका ट्यूनरचा जो भाव पडतो त्यात इथे स्क्रूसुद्धा येत नाही (हे जरा वाढवून सांगितलं असणार). पण मोठ्या प्रमाणावर केलं तर होतं, यामाहाने चेन्नईला कारखाना काढलाच ना, २०१९ पासून तिथे कीबोर्ड आणि अकूस्टिक गिटार बनतात. आणि माझी ती कलकत्त्यावाली पण आपल्याकडचीच, तिच्यावर त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, हिचा ब्रिज खाली करून देतो, पाचशे द्या.

गणपतीला आतेभाऊ आला, हातात काहीच नसेल असं धरून चाललो होतो, तर साहेब आपलीच जुनी गिटार घेऊन आले. तिचे फ्रेट पार झिजलेले, तिकडे रिफ्रेटचे चारशे डॉलर सांगितले होते, मी फोनवर १,८०० चं कौतुक केलेलं ते त्याच्या डोक्यात बसलेलं. गिरगावात नेली. सगळे फ्रेट काढून नवे बसवून, घासून, सेटअप करून आठ हजार. तो तिथल्या तिथे वर अजून टीप द्यायला लागला, कारागिरांनी घेतली नाही, विसर्जनाच्या आधी तयार ठेवतो म्हणाले आणि ठेवली.

परत जायच्या आदल्या रात्री काका खाली आले निरोप द्यायला, गिटार बघितली आणि पहिला प्रश्न, बिल घेतलंस का? आतेभाऊ म्हणाला माझीच गिटार आहे काका, नेली आणि परत आणली, त्यात कसली ड्युटी. काकांनी चष्मा वर केला. परदेशात वस्तू दुरुस्त करून आणली की त्या दुरुस्तीच्या किमतीवर अमेरिकेत ड्युटी लागते, म्हणजे नुसत्या मजुरीवरसुद्धा, फक्त राहणाऱ्याला परत जाताना ८०० डॉलरची माफी असते म्हणून तुझे आठ हजार रुपये त्यात बसतील, पण डिक्लेअर करायचं आणि बिल जवळ ठेवायचं. कारागिरांकडे बिलबुक नाही. रात्री साडेनऊला फोन केला, ते म्हणाले व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, आणि मुलाच्या वहीच्या पानावर तारीख, सही आणि "रिफ्रेट व सेटिंग, ₹८,०००, मजुरीसह" असं लिहून पाठवलं. काकांनी ते इंग्रजीत करून खाली डॉलरचा भाव पण टाकायला लावला.